जीएमएसचे कण बाराव्या दिवशी खरवस झाले, आणि नाईल रेड ४ अंशांनाही पेशीत शिरतोय

हळद_आणि_हताश
२९ मे, रात्री ११:४०

नमस्कार. एम. फार्म.चं दुसरं वर्ष, विषय फार्मास्युटिक्स. जुलैत थीसिस द्यायचा आहे आणि आज घडीला माझ्याकडे दाखवण्यासारखं काय आहे, तर काचेच्या बाटलीतला पिवळा खरवस.

काम हळदीतल्या कर्क्युमिनच्या सॉलिड लिपिड नॅनोपार्टिकलवर आहे, म्हणजे औषध पोटात घेऊन पाण्यात तरंगणारे घन चरबीचे अतिसूक्ष्म कण. जीएमएस म्हणजे ग्लिसरील मोनोस्टिअरेट ५ टक्के, कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून सर्फॅक्टंट, म्हणजे ट्वीन ८० दोन टक्के आणि सोया लेसिथिन अर्धा टक्का, कर्क्युमिन ०.२ टक्के. लिपिड ७५ अंशांना वितळवते, त्याच तापमानाचं गरम पाणी ओतते, हाय शिअरवर पाच मिनिटं, मग प्रोब सोनिकेटर पाच मिनिटं, मग भांडं बर्फात. पहिल्या दिवशी साइज १६८ नॅनोमीटर, पीडीआय (कणांच्या साइजमधली तफावत) ०.२१, झीटा (कणांच्या अंगावरच्या विद्युतभाराचं माप) उणे १८. त्या आनंदात मी लॅबमधल्या चौघींना तर्री पोहे खाऊ घातले, ते पैसेही गेले.

सहाव्या दिवशी बाटली हलवली की आत रेशमासारखी चमक फिरताना दिसायची. मला वाटलं, किती छान. बाराव्या दिवशी २६ गेजच्या सुईने सॅम्पल ओढलं आणि ते सिरिंजमध्येच बसलं. खरंच बसलं, दट्ट्या ढकलता येईना. उरलेलं डायल्यूट करून मोजलं तर ४१० नॅनोमीटर, पीडीआय ०.५४. बाटलीच्या तळाशी पिवळी कचकच.

सर म्हणाले सर्फॅक्टंट वाढव. ट्वीन चार टक्के केलं. ती बॅच नवव्याच दिवशी बसली.

आमच्या लॅबचा एसी दोन महिने बंद आहे. नवतपा सुरू आहे, दुपारी तीनला टेबलावरचा थर्मामीटर ४१ दाखवतो. म्हणून मी रात्री बॅच फ्रिजमध्ये ठेवते आणि सकाळी कामासाठी बाहेर काढते. हे उन्हामुळे होतंय का?

दुसरी भानगड. कर्क्युमिनच्या जागी नाईल रेड हा चमकणारा रंग घालून तशीच बॅच केली आणि शहरातल्या दुसऱ्या एका संस्थेत पेशींवर टाकली. १५ मिनिटांत पेशी लालभडक. सर खूश, म्हणाले अपटेक, म्हणजे पेशींनी कण गिळणं, जबरदस्त आहे. पण तिथल्या मॅडमनी कंट्रोल म्हणून एक प्लेट ४ अंशांना ठेवली होती आणि तीही तितकीच लाल. ४ अंशांना पेशी काही गिळत नाहीत एवढं मलाही कळतं. डायलिसिस बॅगमधून, म्हणजे कण अडवणाऱ्या पण सुटा रंग जाऊ देणाऱ्या पिशवीतून, २४ तासांत दोन टक्केसुद्धा रंग बाहेर आलेला नाही, म्हणजे गळती तर नाही. मग हे काय आहे?

तिसरं छोटंसं. सरांना एनएलसी, म्हणजे घन चरबीत थोडं पातळ तेल मिसळलेले कण, करायचंय आणि त्यात लिक्विड लिपिड म्हणून संत्र्याच्या सालीचं तेल हवंय, "नागपूरचा टच" म्हणून. करू का?

---

सदर_९
३० मे, सकाळी ७:१५

फ्रिजमध्येच ठेव, बाहेर काढूच नको. आमची लायपोसोमची बॅच तशीच टिकली होती.

---

बुटीबोरी_क्रीमवाला
३० मे, सकाळी ९:०५

मी क्रीम-लोशनच्या प्लांटमध्ये आहे, नॅनोचा माझा फारसा संबंध नाही. पण प्रश्न वाचून हसू आलं, माफ करा. आम्ही क्रीममध्ये जीएमएस कशाला टाकतो? घट्ट व्हावं म्हणून. तीन-चार टक्क्यांत पातळ लोशनचं क्रीम होतं, आणि तेही लगेच नाही. टाकीतून निघतं तेव्हा ओघळतं आणि दोन दिवसांनी डबीत बरोबर बसतं. तुम्ही पाच टक्के टाकून ते पातळ राहील अशी वाट बघताय.

संत्र्याचं तेल मात्र जरूर वापरा. वास झकास, आणि आपल्याच मातीतलं.

---

महालचा_म्हातारा
३० मे, दुपारी १:३०

बेटा, बुटीबोरीवाल्या भाऊने अर्धं उत्तर देऊन टाकलं. उरलेलं मी देतो. बाहेर लू चालून राहिली आहे, कूलरसमोरून उठायची इच्छा नाही, त्यामुळे लांब लिहीन.

पहिलं म्हणजे, ऊन हा आरोपी नाही. साथीदार असेल. आरोपी स्फटिक आहे.

घरचं तूप आठव. लोणी कढवलं, गाळलं, आणि बरणी ओट्यावर निवांत गार होऊ दिली की छान रवा पडतो. तीच बरणी घाईने फ्रिजमध्ये सारली तर तूप चोपडं होतं, रवा नाही. चरबी तीच, फक्त स्फटिक कसे आणि किती मोठे बसले त्यात फरक. त्यातही चरबीच्या रेणूंना रचून बसायच्या दोन-तीन तऱ्हा असतात. घाईत गार केलं तर अल्फा, म्हणजे सैल, अघळपघळ रचना. वेळ मिळाला की तीच सावकाश घट्ट होत बीटाकडे जाते. ट्रायस्टिअरिन नावाच्या चरबीचा अल्फा ५५ अंशांच्या आसपास वितळतो, बीटा ७३ला. पदार्थ एकच, पण दोन्हींत अठरा अंशांचं अंतर.

आता तुझ्या बाटलीत काय झालं ते सांगतो. गरम असताना थेंब होते, गोल. बर्फात टाकल्यावर घाईघाईत अल्फा झाले, तरी बरेचसे गोलच. पुढचे काही दिवस ते आतल्या आत बीटा होत गेले, आणि बीटाला गोल राहणं जमत नाही, तो चपटा होतो. कणकेचा गोळा लाटून पोळी केलीस की पीठ तेवढंच राहतं, पण तूप लावायला जागा किती वाढते बघ. तुझं तूप म्हणजे सर्फॅक्टंट. गोळ्याला पुरेल एवढं होतं, पोळीला पुरलं नाही. उघड्या राहिलेल्या कडा एकमेकींना चिकटल्या, पत्त्यांच्या घरासारखी जाळी झाली आणि पाणी त्या जाळीत अडकलं. झाला खरवस. सुईतून ओढताना चकत्या एकमेकींवर आपटतात, म्हणून तो तिथेच बसतो.

सहाव्या दिवशी जी रेशमी चमक पाहून तू खूश झालीस ना, तीच नोटीस होती. चपट्या चकत्या प्रवाहात एका दिशेने वळतात आणि ट्यूबलाइटचा उजेड परतवतात, म्हणून बाटलीतलं दुधासारखं पातळ हलवल्यावर रेशीम दिसतं. गोल कण असं करत नाहीत. मी अजूनही कोणतंही मशीन लावायच्या आधी बाटली ट्यूबलाइटखाली धरून मनगट फिरवतो. फुकटात होतं.

मग सर्फॅक्टंट वाढवून आणखी लवकर काहून बसलं? लेसिथिन आळशी आहे. ते पाण्यात सुटं सुटं फिरत नाही, पुटकुळ्या करून बसतं, आणि नवी जागा उघडी पडली की वेळेवर पोचत नाही. पोचतं ते ट्वीनसारखं पाण्यात विरघळणारं, ते तू वाढवलंस, इथवर बरोबर. पण जीएमएस हे साधं चरबीचं ढेकूळ नाही. ते स्वतःच अर्धं सर्फॅक्टंट आहे, पाणी पिऊन फुगतं. इतवारीत बेकरी सामानाच्या दुकानात केक जेलचा डबा मिळतो, तो उघडून बघ. आत मोनोग्लिसराइड, पाणी आणि आणखी एखादं इमल्सिफायर. तुझ्या रेसिपीत आणि त्याच्यात फरक हळदीचा. ट्वीन वाढवलंस म्हणजे केक जेल सुधारलंस.

आता जा आणि जीएमएसची बाटली बघ. लेबलवर मोनोएस्टर किती टक्के लिहिलंय? ४० ते ५५ टक्क्यांचा माल सर्रास मिळतो, उरलेलं डाय आणि ट्राय असतं. आणि "सेल्फ इमल्सिफायिंग" असं लिहिलं असेल तर त्यात साबण घातलेला असतो, स्टिअरेटचा. तसं असेल तर तुझा उणे १८ तुझ्या कणांचा की त्या साबणाचा, देव जाणे.

तळाशी पडलेली पिवळी कचकचही याच गोष्टीतली. लहानपणी प्लास्टिकच्या नळीतली पेप्सी खाल्ली असशील. दोनदा चोखली की रंग आणि साखर निघून येते आणि हातात पांढरा बर्फ राहतो. गोठताना बर्फाने सगळं परकं बाजूला ढकललेलं असतं. बीटाही तेच करतो. अल्फाच्या सैल रचनेत कर्क्युमिनला बसायला फटी होत्या, बीटाने त्या बुजवल्या. जे बाहेर पडलं ते आधी कणाच्या अंगाला चिकटतं, मग ट्वीनच्या मायसेलमध्ये, म्हणजे त्याच्या रेणूंच्या बारीक गोळ्यांत, बसून प्रवास करतं, आणि शेवटी स्वतःचे स्फटिक करून तळाशी जातं. तुझा नाईल रेड यातून सुटला असेल असं वाटतं का तुला? पेशींचं ज्याला जास्त कळतं त्याने त्यावर बोलावं, मी एवढंच म्हणतो की रंग कणाच्या आत नव्हता, कणाच्या अंगावर होता.

सदरवाल्या भाऊ, फ्रिजचं म्हणशील तर माझी एक फजिती ऐक. पंधराएक वर्षांपूर्वी मी नोकरीत ट्रायमिरिस्टिनचे कण केले होते. हे लिपिड ढेकळात असताना ५७ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून मी निर्धास्त, खोलीच्या तापमानाला ते घनच असणार. सहा महिने एसीत २५ अंशांना ठेवलं, साइज हललं नाही. वरिष्ठांनी पाठ थोपटली. मग सॅम्पल बर्फाच्या पेटीत घालून दुसऱ्या गावी पाठवलं आणि तिकडून फोन आला, "तुम्ही दही का पाठवलंत?" झालं होतं असं की ते सहा महिने घन नव्हतंच. थेंब एवढे बारीक की स्फटिकाला सुरुवात करून देणारं बीजच बहुतेकांत नसतं, त्यामुळे ते दहा अंशांच्या आसपास येईपर्यंत पातळच राहतात. मी सहा महिने इमल्शनलाच सॉलिड पार्टिकल म्हणत होतो. बर्फाच्या पेटीने त्यांना पहिल्यांदा गोठवलं. डीएससी, म्हणजे पदार्थ कोणत्या तापमानाला वितळतो-गोठतो ते दाखवणारी चाचणी, आधी केलं असतं तर अर्ध्या तासात कळलं असतं. मी ते केलं होतं, पण फ्रीझ ड्राय केलेल्या पावडरवर, आणि ड्राय करतानाच ते गोठलेलं होतं. म्हणून सांगतो, डीएससी करशील तर पातळ दुधावरच कर, पावडरवर नको.

आणि तुझं रात्री फ्रिज, सकाळी ४१ हे सगळ्यांत वाईट. रोज थोडं वितळतं आणि रोज नव्याने, जास्त नेटकं गोठतं. बीटाला खतपाणी. एकच तापमान ठरव आणि त्यालाच चिकट. टिकाऊपणा लवकर तपासायचा ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेचा ॲक्सिलरेटेड चेंबर असल्या कणांना लावायचा मोह होईल, पण त्यात लिपिड मऊ पडतं आणि तू घन कण सोडून भलतंच काही मोजत बसशील. आपल्याकडे मेमध्ये ४० म्हणजे सावली.

मग करायचं काय? दोन वाटा आहेत. एक, जीएमएस सोड. सिटाइल पाल्मिटेट घे किंवा कॉम्प्रिटॉल, ही दुसरी घन लिपिडं, चार टक्के, त्यात मिग्लिऑल हे पातळ तेल एक-सव्वा टक्का म्हणजे रचना मुद्दाम विस्कटेल आणि फटी राहतील. ट्वीनऐवजी पोलॉक्सॅमर १८८ हे सर्फॅक्टंट दोन टक्के, लेसिथिन राहू दे. पण तेल जास्त झालं की तेही बाहेर ढकललं जातं आणि चकतीच्या कडेला थेंब होऊन चिकटून बसतं, त्यामुळे एनएलसी म्हणजे रामबाण असं समजू नको. कर्क्युमिन किती मावतं ते आधी बघ. गरम लिपिडमध्ये विरघळलं म्हणजे मावलं असं नाही. त्याचा एक थेंब काचपट्टीवर घे, गार होऊ दे, दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपमध्ये सुया दिसल्या तर प्रमाण निम्मं कर.

दुसरी वाट तुझ्या सरांना आवडणार नाही. घन असण्याचा हट्ट कशाला? घन कण १९९० च्या सुरुवातीला पुढे आले ते औषध आत अडकून राहील या आशेने. ते अडकत नाही हे तू स्वतः पाहिलंस. साधं नॅनोइमल्शन कर, म्हणजे पाण्यात पातळ तेलाचे बारीक थेंब. ऑपरेशन थिएटरमध्ये भुलीसाठी प्रोपोफॉल देतात ते पांढरं दूध इमल्शनच असतं. आणि २०२१ च्या मेमध्ये म्युकरमायकोसिसने आपल्याकडे लोक अँफोटेरिसिनसाठी दारोदार फिरत होते, तेव्हा शेजारी वर्ध्यात ते बनायला लागलं तेही इमल्शनच होतं. पातळ थेंबात स्फटिकाची कटकटच नाही.

संत्र्याचं तेल. क्रीमवाल्या भाऊ, वासाला मीही दाद देतो, पण ते जवळजवळ सगळं लिमोनिन असतं आणि लिमोनिन पाण्यात थोडंसं विरघळतं, लिटरमागे दहा-पंधरा मिलिग्रॅम. एवढं पुरतं. बारीक थेंबातून निघून पाण्यातून मोठ्या थेंबात जातं, लहान मरतात आणि मोठे माजतात. ऑस्टवाल्ड रायपनिंग. क्रीममध्ये थेंब मुळातच मोठे आणि भोवती घट्ट, तिथे हे कळत नाही. हिच्याकडे १०० नॅनोमीटरला दोन दिवसांत कळेल. करायचंच असेल तर निम्म्याहून जास्त मिग्लिऑल मिसळ. ते पाण्यात जात नाही, त्यामुळे थेंबातलं लिमोनिन कमी होऊ लागलं की तेच त्याला मागे ओढून धरतं. आणि त्रिज्येचा घन करून दिवसांसमोर मांड. सरळ रेघ आली तर रायपनिंग.

जाता जाता, मोजायच्या आधी सॅम्पल ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळतेस का? गाळत असशील तर थांबव. जे मोजायला हवं तेच तू फिल्टरवर ठेवून येतेस. सोनिकेशननंतर प्रोबचे टायटॅनियमचे करडे कण पडतात, ते काढायला हळू सेंट्रिफ्यूज पुरतं.

---

पेशीघर_पुणे
३० मे, रात्री १०:२०

महालच्या काकांनी माझ्यासाठी जागा सोडली आहे म्हणून लिहिते. रोज मायक्रोस्कोपवर असते.

नाईल रेड १९८५ पासून कशासाठी वापरतात माहीत आहे का? पेशीतले चरबीचे थेंब रंगवण्यासाठी. कण न घालता नुसता रंग टाकला तरी पेशी तश्शीच लाल होते. तू तो कणावर बसवून पेशीच्या दारात नेलास, कण पडद्याला टेकला आणि रंगाने उडी मारली. कण बाहेरच. उडी मारायला पेशीने गिळावं लागत नाही, म्हणून ४ अंशांची प्लेटही लाल. त्या मॅडमना चहा पाज, त्यांनी तुझा पेपर वाचवला.

डायलिसिसचं म्हणशील तर तो प्रयोग तुला खोटं बोलायला लावतोय. नाईल रेड पाण्यात जातच नाही, आणि गेला तरी पाण्यात चमकत नाही. बाहेर नुसतं बफर ठेवलंस म्हणजे त्याला जायला घरच ठेवलं नाहीस. पेशीत, सीरममध्ये, रक्तात चरबी आणि प्रथिनं असतात. तिथे त्याला घर मिळतं.

त्यापेक्षा हे कर. मिग्लिऑलचं जाडंभरडं इमल्शन बनव, पाच-दहा मायक्रॉनचे थेंब, रंग न घालता. तुझे कण त्यात ३७ अंशांना मिसळ. एक, दहा, साठ मिनिटांनी थोडं थोडं काढून अगदी हलकं सेंट्रिफ्यूज कर. मोठे थेंब वर तरंगतील, तुझे कण खाली पाण्यात राहतील. वरचा थर लाल झाला म्हणजे रंग पळाला. नाईल रेड दहा मिनिटांत पळेल, मी पैज लावते.

रंग बदल. डीआयआय घे, त्याला अठरा कार्बनच्या दोन शेपट्या आहेत, इतक्या सहज सुटत नाही. पण तोही भारित आहे, त्याला तेलाच्या पोटात राहायला आवडत नाही, कडेला येऊन बसतो. त्याच्या जोडीचा छोटा आयन काढून टेट्राफिनाइलबोरेटसारखा गलेलठ्ठ, तेलकट आयन दिला की आत राहतो. वेळ असेल तर एकाच कणात डीआयआय आणि डीआयडी दोन्ही घाल. जवळ जवळ असतील तोवर पहिल्याला उजेड दिला की दुसरा चमकतो. कण फुटला, रंग पांगले की ते थांबतं.

"कर्क्युमिन स्वतःच चमकतं, वेगळा रंग कशाला" असं कुणीतरी म्हणेलच. चमकतं, हिरवट. पण सीरम नसलेल्या ७.२ पीएचच्या फॉस्फेट बफरमध्ये ३७ अंशांना अर्ध्या तासात त्याचं ९० टक्क्यांच्या आसपास विघटन होतं. म्हणजे बाहेरच्या बफरमध्ये कर्क्युमिन सापडलं नाही तर ते सुटलं नाही की सुटून मेलं, हे कळायला मार्ग नाही.

---

हळद_आणि_हताश
१९ जून, रात्री ९:५०

उशीर झाला, सगळ्यांची माफी. आज पहिल्यांदा खिडकी उघडी ठेवून लिहितेय, संध्याकाळी झडीचा पाऊस झाला.

बाटली बघितली. सेल्फ इमल्सिफायिंग. दोन वर्षं सगळी लॅब तीच बाटली वापरतेय.

काका, ट्यूबलाइटची ट्रिक मी ज्युनियर मुलींना शिकवली. आता कुणीही बाटली हातात घेतली की आधी मनगट फिरवतं, सरसुद्धा. गाळत होते, हो. न गाळता मोजलं तर पहिल्याच दिवसाचा पीडीआय ०.२१ नव्हता, ०.३३ होता. दोन रात्री झोप नाही आली.

केलेलं काम असं: सिटाइल पाल्मिटेट आणि मिग्लिऑलची बॅच, पोलॉक्सॅमरसह, सतत २५ अंशांना, शेजारच्या विभागाच्या इनक्युबेटरमध्ये कोपरा मागून घेतला. चौदाव्या दिवशी १८४ नॅनोमीटर, सुरुवात १७१ ने झाली होती. चमक नाही. पण ०.२ टक्के कर्क्युमिन मावलं नाही, काचपट्टीवर सुया दिसल्या. ०.१ला पण दिसल्या. ०.०६ला नाहीत. सर म्हणाले एवढंसं औषध घेऊन काय करणार. नुसत्या मिग्लिऑलच्या इमल्शनमध्येही फार जास्त मावत नाही, पण १३२ नॅनोमीटरवर ठाण मांडून बसलंय.

संत्र्याचं तेल नुसतं घेतलं तर ९८ वरून चौथ्या दिवशी २६०, आणि त्रिज्येचा घन केला तर रेघ सरळ. सरांना तो ग्राफ इतका आवडला की आता तो थीसिसमध्ये जाणार आहे. नागपूरचा टच राहिला म्हणायचा.

पुण्याच्या ताई, पैज तुम्ही जिंकलात. दहा मिनिटंही नाही, पहिल्याच मिनिटाला वरचा थर गुलाबी झाला होता. मी तो एपेनडॉर्फ (प्लास्टिकची छोटी नळी) सरांच्या टेबलावर नेऊन ठेवला, काही बोलले नाही. डीआयआयच्या कणांनी ३७ अंशांना पेशीत ठिपके ठिपके दिसतात, सगळी पेशी लाल होत नाही, आणि ४ अंशांना जवळजवळ अंधार. आधीच्या फोटोंपेक्षा खूप फिके फोटो आहेत. सर विचारतात की आधीचे जास्त चांगले दिसत होते, तेच टाकायचे का.

---

पेशीघर_पुणे
१९ जून, रात्री १०:३५

नाही.

ठिपकेच टाक. आणि ४ अंशांची प्लेट त्याच एक्स्पोजरला त्याच पानावर छाप, नाहीतर व्हायव्हाला पहिला प्रश्न तोच येईल.

---

महालचा_म्हातारा
२० जून, सकाळी ६:४०

०.०६ बद्दल वाईट वाटून घेऊ नको. आधीचे ०.२ कणात कधी नव्हतेच, बाटलीत होते.

बाराव्या दिवशीचा खरवस फेकला नाहीस ना? उरला असेल तर त्यातलं दहा मिलिग्रॅम बंद पॅनमध्ये घालून डीएससीला लाव, पॅन नीट बंद कर नाहीतर पाणी उडून सगळा ग्राफ नाचेल. मिनिटाला दहा अंशांनी ८५ पर्यंत तापव, तसंच झपकन गार कर आणि तोच पॅन पुन्हा तापव. पहिल्या वेळी शिखर वरच्या तापमानाला येईल, दुसऱ्या वेळी खाली. पहिलं म्हणजे बारा दिवसांचं बीटा, दुसरं म्हणजे आत्ता झालेलं अल्फा. दोन्ही रेघा एकाच चित्रात काढ. उपकरण तुमच्याकडे नसेल तर व्हीएनआयटी या नागपुरातल्याच इंजिनिअरिंग संस्थेत विचारून बघ. आधी फोन कर आणि सॅम्पल नेताना बर्फाच्या पेटीत घालू नको.